तिसरा गठ्ठा

१

टपालाचं पोतं सकाळी नऊला यायचं. आणणारा माणूस ते दारातच टेकवायचा, ओल्या हातमोज्यांनी सही घ्यायचा आणि रोज तेच म्हणायचा, "घ्या लानबाई, तुमचा गोतावळा आला."

थाङ सूवेनला सगळ्या इमारतीत लानबाईच म्हणत. शांघायमधल्या एका प्रकाशनगृहात ती मुलांच्या चित्रपुस्तकांचा मजकूर लिहायची. तळहातात मावणारी आडवी पुस्तकं, पानावर एक चित्र, चित्राखाली दोन ओळी. चार वर्षांपूर्वी तिनं लिहिलेलं आणि येन मास्तरांनी चितारलेलं 'छोटी लान झोपत नाही' देशभर गेलं. गोष्ट साधीच होती. दोन वेण्यांची, नऊ वर्षांची लान सगळं गाव झोपलेलं असताना जागी राहते, आणि ज्याच्या अंगाखांद्यावर गावची पोरं खेळतात तो प्रेमळ सुतार खरा लपलेला शत्रू आहे हे एकटीच ओळखते. शेवटच्या पानावर लान सरळ वाचणाऱ्याकडे बघते. खाली सूवेनच्या ओळी: 'लानचं काम झालं. तुझ्या घरात कोण जागं आहे?'

मुलांनी तो प्रश्न मनावर घेतला. पोती भरभरून उत्तरं येऊ लागली. मग वरून हुकूम सुटला की प्रत्येक पत्राला लानच्या नावानं उत्तर गेलंच पाहिजे, आणि सूवेनचं टेबल पत्रांच्या खोलीत हललं. तिनं लानसाठी वेगळं अक्षर बसवलं. नऊ वर्षांच्या मुलीचं, जरा मोठं, प्रत्येक शब्दाची शेवटची रेघ किंचित खाली ओघळलेली.

पत्रांचे तीन गठ्ठे व्हायचे. पहिला कौतुकाचा. त्यात वाळलेली पानं निघायची, वेण्यांना बांधायला लाल दोरे निघायचे. दुसरा चुकांचा: 'पान एकतीसवर बैलाला पाच पाय आहेत, येन काकांना चष्मा द्या.' तिसरा गठ्ठा शेवटच्या पानावरच्या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्या मुलांचा. 'माझ्या आजोबांनी तांदळाच्या रांजणात बुद्धाची मूर्ती लपवली आहे.' 'माझे बाबा रेडिओ कानाला लावून ऐकतात.' हा गठ्ठा सुतळीनं बांधून चारच्या आत वरच्या मजल्यावर कॉम्रेड क्वांग यांच्या खोलीत न्यायचा. तिथं एक लोखंडी कपाट होतं. त्याच्या पुढचं सूवेननं कधी विचारलं नाही. तिन्ही गठ्ठ्यांतल्या मुलांना उत्तर मात्र एकच जायचं: 'शाब्बास. तुझी मैत्रीण, लान.' एका मुलाला एकच पत्र, दुसरं नाही, असा नियम होता.

बुद्धाच्या मूर्तीविषयी लिहिणाऱ्या सूचौ गावच्या मुलाचं महिन्याभरानं पुन्हा पत्र आलं. 'आजोबा अजून आले नाहीत. शेगडी मला पेटत नाही. लानला पेटवता येते का?' ते हातात धरून सूवेन बराच वेळ बसली. शेवटी तिनं ते पहिल्या गठ्ठ्यात टाकलं. त्यात तक्रार अशी काही नव्हती.

२

चौऱ्याहत्तर सालच्या नोव्हेंबरअखेर वूशी गावच्या तिसरीतल्या एका मुलीचं पत्र आलं. 'लानताई, तुझं दुसरं पत्र मिळालं. सगळं वाचता आलं, एक शब्द सोडून. कुणाला दाखवू नको म्हणालीस म्हणून बाईंना विचारलं नाही. पत्र तुलाच परत पाठवते. नडला त्या शब्दाभोवती गोल केलाय.'

दुसरं पत्र? सूवेनला हसू आलं. पोरीचा काहीतरी घोटाळा झाला असणार. तिनं आतली घडी उघडली.

अक्षर लानचं होतं. कागद ऑफिसातलाच, करडा, पातळ.

'तू सांगितलंस ते थोडं आहे. आणखी बघ. रात्री जागायची गरज नाही, रात्री मोठी माणसं सांभाळून असतात. दुपारी बघ. जेवणं झाली, भांडी घासली, पाणी प्यायलं, की ती बेसावध होतात. तुझी आई ट्रंक उघडून कशाकडे बघत बसते ते मला कळव. तुझी मैत्रीण, लान.'

'बेसावध' या शब्दाभोवती पेन्सिलीचा गोल होता.

ती जिना उतरून येन मास्तरांकडे गेली. मास्तर साठीचे. शेतावरच्या श्रमशिबिरात तीन वर्षं काढून आल्यापासून त्यांचा उजवा हात थरथरायचा, सरळ रेघ येत नव्हती. म्हणून आता त्यांच्याकडे खोडायचं काम होतं. जुन्या पुस्तकांची नवी आवृत्ती निघाली की जी माणसं चित्रात नकोशी झालीत ती ब्लेडनं हळूहळू खरवडायची आणि त्या जागी झाड किंवा ढग भरायचा.

"मास्तर, माझं अक्षर इथं आणखी कुणाला जमतं?"

"कुठलं? तुझं की लानचं?"

"लानचं."

"अगं, तुला तरी आता दुसरं कुठलं येतं? परवा दुकानातून आणायची यादी दिलीस मला. साबण, काड्यापेटी, मीठ. सगळं लानच्या अक्षरात! खाली 'तुझी मैत्रीण' लिहायचं तेवढं राहिलं होतं." मास्तर खो खो हसले. मग तिचा चेहरा बघून म्हणाले, "काय झालं पोरी?"

तिनं पत्र दाखवलं नाही. नुसतंच सांगितलं.

"लिहून विसरली असशील. दिवसाला शंभर पत्रं लिहिणारा माणूस. मी एकदा बायकोलाच विचारलं होतं, आपलं नाव काय म्हणून."

असेलही. आपणच लिहिलं असेल. दुपारी डोळा लागतो तेव्हा हात चालूच राहत असेल. सूवेननं मनाची समजूत घातली. पण 'ट्रंक उघडून कशाकडे बघत बसते' हे वाक्य तिचं नव्हतं. एवढं लांब उत्तर द्यायला तिला कधी वेळच झाला नव्हता.

डिसेंबरच्या मध्यापर्यंत आणखी नऊ मुलांनी लानच्या दुसऱ्या पत्राबद्दल आभार मानले. दोघांनी तिसऱ्याबद्दल. सूवेननं वर कळवलं नाही. कळवायचं म्हणजे आपल्याच हातानं आपल्यालाच तिसऱ्या गठ्ठ्यात घालायचं.

३

त्या सोमवारी पोत्यात एक पाकीट निघालं. त्यावर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, गाव नव्हतं. आत एकच कागद.

चित्र होतं. पेन्सिलीचं, पट्टीनं चौकट आखलेलं, कोपऱ्यात आकडा सतरा. छापायला जाणाऱ्या पुस्तकाचं पान असावं तसं. चित्रात एक खोली. पलंग, पलंगाखाली दोन ट्रंका, तिवईवर कमळांची नक्षी असलेलं आणि काठाला टवका उडालेलं घंगाळ. ते घंगाळ सूवेन रोज सकाळी उचलायची. पलंगावर एक बाई पाठमोरी बसलेली, मांडीवर पुरुषाचा कापूस भरलेला जुना कोट. ती कोटाच्या अस्तरात काहीतरी शिवत होती.

खाली दोन ओळी:

'रविवार, दुपार. आई आतून कडी लावते.
तिला वाटतं, खोलीत कुणी नाही.'

सूवेननं कागद पटकन उपडा ठेवला.

तिचा नवरा दूर नैऋत्येच्या डोंगरात कारखान्यात होता, वर्षातून बारा दिवस घरी यायचा. कोट त्याचा. आणि अस्तरात तिनं मागच्या रविवारी शिवला होता तो सूहोचा फोटो. सूहो तिचा मोठा भाऊ. एकोणपन्नास साली हरलेल्या पक्षाच्या आरमाराची टोपी घालून समुद्रापलीकडे गेला तो गेलाच. त्यानंतर भरलेल्या प्रत्येक फॉर्मवर 'भाऊ' या शब्दापुढे सूवेननं 'नाही' असं लिहिलं होतं. नवऱ्याला माहीत नव्हतं. मुलीला तर नव्हतंच. घरझडत्या होणार अशी गल्लीत कुजबुज सुरू झाली म्हणून तिनं तो फोटो आरशामागून काढून कोटात घातला. तेव्हा मानमान, तिची नऊ वर्षांची मुलगी, खाली फेंग काकूंकडे शेंगा सोलत बसली होती. सूवेनला तिचं हसणं वरपर्यंत ऐकू येत होतं.

नियमानं हा कागद तिसऱ्या गठ्ठ्यात जायला हवा होता. सूवेननं त्याची बारीक घडी केली आणि बाहीत सारली. चार वर्षांत पहिल्यांदाच.

४

पोटात दुखतंय सांगून ती दुपारीच घरी आली. गल्लीत ऊन होतं. बांबूंवर वाळत घातलेल्या रजया, खाली नळावर कुणी कोबी धूत होतं. खोलीत सगळं जागच्या जागी.

इतकी वर्षं चित्रकारांच्या शेजारी बसून तिला एक सवय लागली होती. चित्र हातात आलं की ती आधी शोधायची, हे बघणारा उभा कुठं आहे. तिनं कागद समोर धरला आणि खोलीत हळूहळू मागं सरकत गेली. पलंगाचा कोपरा चित्रातल्यासारखा तिरपा दिसेना. आणखी मागं. तिवईवरचं घंगाळ पलंगाच्या रेषेत येईना. आणखी मागं. मग तिची पाठ भिंतीला टेकली. तरीही चित्र जुळलं नाही. ते जुळायला आणखी दोन पावलं मागं जायला हवं होतं, आणि डोळे कमरेइतके खाली हवे होते.

पश्चिमेची भिंत. विटांची, चुन्यानं सारवलेली. ना खिडकी, ना भोक. तिनं बोटांनी चाचपली, कान लावला. पलीकडे शेजार नव्हता. पलीकडे तीन मजल्यांची उघडी पोकळी होती.

तिनं कोटाचं अस्तर उसवलं, फोटो काढला, जिन्यातली शेगडी आत ओढून दार लावलं. चिमट्यात धरून तिनं सूहोला निखाऱ्यांवर धरलं. आधी टोपी काळी पडली. ती रडली नाही. रडायचं सुचलं नाही, कारण सगळा वेळ तिची पाठ त्या भिंतीकडे होती आणि मानेवर कुणी बघत असल्यासारखं वाटत होतं.

चारला मानमान शाळेतून आली. गळ्यात शाळेच्या बालपथकाचा लाल रुमाल, हातात अर्धं खाल्लेलं रताळं. सूवेननं तिला जवळ घेतलं.

"मानमान, तू कधी चित्रं काढतेस? आपल्या घराची?"

"मला कुठं येतात? माझ्या कोंबडीला बाई बदक म्हणाल्या."

"कुणाला पत्रं लिहितेस?"

मुलगी गालात हसली. आईच्या डोळ्यांकडे बघून आणखी हसली, जणू काही ठरलेलं गुपित आहे. "तुला ठाऊकच आहे की!"

सूवेननं तिचं दप्तर ओढून पलंगावर उपडं केलं. वहीच्या पुठ्ठ्यात करड्या कागदाच्या सात घड्या निघाल्या. 'प्रिय मानमान.' 'प्रिय मानमान.' शेवटची रेघ खाली ओघळलेली. 'आई एकटी असताना कुणाचं नाव घेते?' 'आई कधी रडते?' 'तुझी मैत्रीण, लान.'

तिनं मुलीच्या थोबाडीत मारली. आजवर कधी मारली नव्हती.

"आईवर पाळत ठेवतेस? पोटची पोर तू माझी! कुणाला कळवतेस?"

मानमान गालावर हात ठेवून बघत राहिली. भीतीपेक्षा तिला नवलच जास्त वाटलं होतं. "तुलाच," ती म्हणाली. "तूच तर लिहितेस. सगळे म्हणतात लान म्हणजे माझी आई. मला वाटलं, तुला तोंडानं विचारता येत नाही म्हणून पत्रात विचारतेस. मी तुझ्याच ऑफिसच्या पत्त्यावर टाकते, आई. मिळाली नाहीत तुला?"

"काय लिहिलंस त्यात?"

"तू रडतेस ते. तुझ्या वाट्याचं अंडं माझ्या भातात लपवतेस ते." ती पलंगावरच्या घड्या गोळा करू लागली. "तुला माहीत असलेलंच सगळं. मी तुलाच सांगत होते."

तिच्या पत्रांतलं एकही सूवेनच्या टेबलावर आलं नव्हतं.

५

पुढचे तीन दिवस सूवेन सगळ्यांच्या आधी ऑफिसात जायची आणि पोतं एकटीच रिकामं करायची. सतरानंतर अठरा येणार. तो कुणाच्या हाती पडायच्या आत तिला हवा होता. आला नाही. बैलाच्या पाचव्या पायाविषयी मात्र आणखी चार पत्रं आली.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत येन मास्तर आले. ते कधी वर येत नसत, जिना चढताना धाप लागायची. आले आणि बसलेच नाहीत.

"सूवेन, परवा माझ्या टेबलावर एक चित्र होतं. ब्लेडच्या डबीखाली."

तिला एकदम हायसं वाटलं. निदान कुणीतरी दुसऱ्यानंही पाहिलंय. "मास्तर, माझ्याकडे पण आलंय. तुम्ही बघा, तुम्हाला कळेल कुणाचा हात आहे." तिनं बाहीतून घडी काढून त्यांच्या हातात दिली.

मास्तरांनी ती अर्धीच उघडली. "हात माझा आहे," ते म्हणाले. "सावलीच्या रेघा अशा आडव्या मीच मारतो. मारत होतो. ह्या हातानं आता होतं का ते, सांग तू." त्यांनी हात पुढे केला. तो पाण्यातल्या पानासारखा हलत होता.

"मग तुमच्याकडचं कुठं आहे?"

मास्तर खिडकीबाहेर बघू लागले.

"मास्तर?"

"वर नेऊन दिलं."

सूवेनला क्षणभर अर्थच लागला नाही.

"मला दोन नातवंडं आहेत गं. ते चित्र तसंच माझ्या टेबलावर राहिलं असतं आणि कुणी म्हटलं असतं, येननं दडवलं... मी पुन्हा त्या शेतावर नाही जाऊ शकत. मरेन मी तिथं."

"तुम्ही माझ्या घरी जेवायला यायचात," सूवेन म्हणाली. "मानमान तुमच्या खांद्यावर बसायची."

"म्हणूनच आधी सांगायला आलो."

"आधी? परवा दिलंत आणि आज सांगताय!"

"तू नाही का दिलीस?" मास्तर हलक्या आवाजात म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, नुसताच थकवा होता. "चार वर्षं. रोज चारच्या आत. मी कधी काही बोललो?"

जाताना त्यांनी सतरा नंबरचं चित्र तिच्या टेबलावर ठेवलं, उपडं. ते गेल्यावर पाच मिनिटांतच वरून बोलावणं आलं.

६

कॉम्रेड क्वांग सभ्य माणूस होता. त्यानं थर्मासमधलं गरम पाणी पेल्यात ओतून तिच्यापुढे सरकवलं, खिडकी लावून घेतली आणि मग चित्र काढलं.

अठरा. शेगडीपुढे उकिडवी बसलेली बाई, चिमट्यात कागदाचा तुकडा, तुकड्यावर टोपीची कड ओळखू येते न येते इतकीच.

'आई एक माणूस जाळते.
माणूस लहान आहे, पटकन जळतो.'

हेही पश्चिमेच्या भिंतीपलीकडून.

"छान आहे," क्वांग म्हणाला. "ओळी तर अगदी तुमच्या वळणाच्या. बसा ना, कॉम्रेड थाङ."

ती बसली.

"मी हे चित्र कुठून आलं ते विचारणार नाही. मलाही माहीत नाही." तो लोखंडी कपाटाकडे न बघता बोलत होता, पण सूवेनच्या लक्षात आलं की त्यानं खुर्ची अशी ठेवली आहे की कपाटाकडे पाठ होऊ नये. "माझ्या बायकोचंही एक आलंय. आंघोळ करतानाचं. आम्ही न्हाणीघराची भिंत फोडून पाहिली."

त्यानं चित्र टेबलाच्या कडेला सरळ लावलं. मग पुन्हा ऑफिसातल्या आवाजात म्हणाला, "तेव्हा दोनच गोष्टी. चित्र खरं असेल तर काय जाळलंत ते सांगा. खोटं असेल तर ते कुणी काढलं ते सांगा. तिसरं काही मला वर लिहिता येत नाही."

पेल्यातून वाफ येत होती. सूवेननं विचार केला. भिंतीविषयी सांगून उपयोग नाही. सूहोचं नाव निघालं तर नवरा, नोकरी, घर, सगळंच गेलं, आणि मानमानच्या कपाळी जन्मभराचा शिक्का बसला. मुलाच्या खोडीला मात्र फार तर कानउघाडणी होते. मुलं विसरतात. हे सगळं तिनं मानमानसाठीच केलं, असं ती पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत राहिली.

"माझ्या मुलीनं काढलं," ती म्हणाली. "नऊ वर्षांची आहे. तिला खोटं बोलायची सवय आहे."

"लिहून द्या."

तिनं लिहून दिलं. क्वांगनं कागद उजेडाकडे धरला.

"हे तुमचं अक्षर?"

तिनं पाहिलं. प्रत्येक शब्दाची शेवटची रेघ खाली ओघळली होती.

"असू दे," क्वांग म्हणाला. "चालेल."

७

शनिवारी सकाळी दहा वाजता मानमानच्या वर्गात सभा झाली. सूवेनला मागं, भिंतीला लागून उभं केलं होतं. बेचाळीस मुलं, समोर फळ्यापाशी मानमान, तिच्या बाजूला वर्गाच्या बाई आणि क्वांग. खिडकीतून थंड, लख्ख ऊन आत आलं होतं.

क्वांगनं सूवेनचा जबाब वाचून दाखवला. सगळा. खालच्या सहीसकट.

मानमान ऐकत होती. 'खोटं बोलायची सवय आहे' या शब्दांशी तिनं मान वर केली आणि मुलांच्या डोक्यांवरून आईला शोधलं. सूवेनला वाटलं, आता ही ओरडेल, मी नाही काढलं म्हणेल, शेगडीविषयी काही बोलून बसेल.

"हे चित्र तू काढलंस?" बाईंनी विचारलं.

मानमाननं चित्राकडे बराच वेळ पाहिलं. त्या कागदावर काय आहे ते तिला त्या क्षणीच कळत होतं, पहिल्यांदा. सूवेनला दिसलं, मुलगी एकेक रेघ वाचतेय. शेगडी. चिमटा. टोपी.

"हो," ती म्हणाली. "मी काढलं."

"आई काय जाळत होती?"

"काही नाही. रताळं भाजत होती. मी खोटं काढलं." जरा थांबून तिनं पुढचे शब्द आईच्याच जबाबातून उचलले. "मला सवय आहे."

बाईंनी तिच्या गळ्यातला लाल रुमाल सोडवला. गाठ घट्ट होती, वेळ लागला. सगळा वर्ग श्वास रोखून तिकडं बघत होता.

तेव्हाच सूवेनच्या कानावर टाकाचा आवाज आला. कागदावर शांतपणे, सराईतपणे चालणारा टाक.

अगदी तिच्यासमोर, शेवटच्या रांगेत, मानमानच्या रिकाम्या जागेवर एक मुलगी बसली होती. दोन वेण्या, लाल दोरे. बेचाळीस मुलांत ही एकटीच वर बघत नव्हती, खाली मान घालून लिहीत होती. तिच्या खांद्यावरून सूवेनला कागद दिसत होता. पट्टीनं आखलेली चौकट. चौकटीत फळा, फळ्यापाशी उभी मुलगी. कोपऱ्यात आकडा. आकडा अठराच्या पुढचा होता, खूप पुढचा, आणि तो वाचायला सूवेन पुढं वाकली.

मुलीनं मान वळवली.

समोरून ती कशी दिसते हे सूवेनला ठाऊक होतं, देशातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक होतं. पण बाजूनं तिला काहीच नव्हतं. गाल नाही, नाक नाही, कान नाही. मान वळली तशी ती बारीक होत गेली, आणि शेवटी जिथं डोकं असायला हवं तिथं एक उभी पांढरी रेघ तेवढी राहिली, पुस्तकाच्या पानाची कड असावी तशी. रेघेच्या दोन्ही बाजूंनी खिडकीतलं ऊन सरळ दिसत होतं.

समोर टाळ्या वाजल्या. मुलं उभी राहिली. बाकावर मानमानचं दप्तर होतं, बाकी कुणी नव्हतं.

८

घरी येताना मानमान दहा पावलं पुढं चालत होती. रस्ता ओलांडताना सूवेननं हात पुढं केला तर तिनं दोन्ही हात बाह्यांत ओढून घेतले. गल्लीत फेंग काकू नळावर होत्या. "काय गं मानमान, आज लवकर सुटली शाळा?" त्यांनी विचारलं. मग गळा मोकळा दिसला, आणि त्यांनी घाईघाईनं बादली उचलून पाठ फिरवली.

सूवेननं शेवया केल्या, वर अंडं घातलं. उघड, वरच ठेवलं. मानमाननं सगळं खाल्लं, वाटी धुतली, पालथी घातली.

"दुखतंय का गं?" सूवेननं विचारलं. काय दुखतंय ते तिला सांगता आलं नाही.

"नाही."

"मोठी झालीस की कळेल तुला. मी आपल्या दोघींसाठी..."

"मला कळलं की. तू सांगितलं असतंस तर मी तेच बोलले असते. रताळं." मुलगी भांडत नव्हती, नुसतं सांगत होती. "तू आधी विचारायचं होतंस. मी तुझ्यासाठी खोटं बोलले असते, आई."

सूवेन खाली बसली. थोड्या वेळानं मानमाननं दप्तरातून टाक आणि करडा कागद काढला आणि पलंगाच्या कडेला, पश्चिमेच्या भिंतीकडे तोंड करून लिहायला बसली.

"कुणाला लिहितेस?"

"लानला."

"मानमान, लान असं कुणी नाही. ती मी..."

"नाही." मुलीनं टाक थांबवला. "मलापण तसंच वाटायचं. पण तू असतीस तर तुला माहीत असतं, मी काय सांगितलंय आणि काय नाही. ते चित्र मी काढलं नाही, हे तर तुला माहीतच होतं. तरी तू लिहून दिलंस." ती पुन्हा कागदाकडे वळली. "लान मला कधी खोटारडी म्हणाली नाही."

दुपार होती. खाली भांडी घासल्याचे आवाज येत होते, मग तेही थांबले. मुलीनं शेजारी कुणाला जागा करून द्यावी तसं जरा सरकून घेतलं. टाक कागदावर चालत होता, आणि सूवेन ऐकत होती, पण कितीही कान दिला तरी तो एकच टाक आहे अशी तिची खात्री पटेना.

मग तो थांबला.

"आई," मानमाननं मान वर न करता विचारलं, "मामाचं नाव कसं लिहायचं?"